सफाई पथक कामावर घेण्यापूर्वी

गोल्डफिश आणि गप्पी पाळून झाले, की काही हौशी माणसांची नजर समुद्राकडे वळते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत निळ्या दिव्यांखाली डोलणारी समुद्रफुले, त्यांतून ये-जा करणारा नारिंगी क्लाउनफिश आणि काचेला चिकटलेले शंख पाहिले, की वाटते, हा एवढासा समुद्र आपल्याही दिवाणखान्यात असावा. मग टाकी येते, मीठ येते, पंप आणि दिवे येतात, खडक येतात. महिना-दीड महिन्यात पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरते आणि पाठोपाठ खडकांवर हिरवे केस उगवतात. धास्तावलेला मालक दुकानात जातो आणि ठरलेले उत्तर घेऊन परततो : ‘सफाई पथक टाका. वीस शंख, दहा खेकडे, एक तारामासा. सगळे चकाचक करून टाकतील.’

पिशवी घरी येते. काही दिवस काच खरोखरच लखलखते. नंतर एकेक शंख वाळूवर उलटा पडलेला दिसू लागतो. तारामासा वाळूखाली जातो तो पुन्हा वर येत नाही. शेवाळ मात्र परत येते आणि मालक पुन्हा दुकानाची पायरी चढतो. या चक्रात शंखांचा काही दोष नाही. मुळात निदानच चुकलेले असते. शेवाळ हे लक्षण आहे. आजार दुसरीकडेच आहे. ताप आला की कारण न शोधता गोळी देत राहावे, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की इथे गोळीच्या जागी जिवंत प्राणी खर्ची पडतात आणि अजाणतेपणी केलेली निवड क्वचित घरातल्या माणसांच्याही जिवावर बेतू शकते.

समुद्रातला धडा

सफाई करणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व खोटे नाही. कॅरिबियन समुद्रात डायाडेमा नावाचा लांब काळ्या काट्यांचा अर्चिन प्रवाळांवरचे शेवाळ खरवडून खात असे. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर हे अर्चिन अचानक मरू लागले आणि वर्षभराच्या आसपास साथ जवळजवळ सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरली. नव्वद टक्क्यांहून अधिक डायाडेमा नष्ट झाले. जमैकाच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता; १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. उरलेली बहुतेक जागा शेवाळाने व्यापली.

पण या घटनेचा दुसरा अर्धा भाग अधिक बोलका आहे. जमैकात शेवाळ खाणारे मासे त्याआधीच बेसुमार मासेमारीने संपत आले होते. १९८०च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. सगळी भिस्त एका अर्चिनवर उरली होती. तो गेला आणि डोलारा कोसळला. म्हणजे सफाई हे एका प्राण्याचे काम नसते. खाणारे अनेक असतात, प्रत्येकाची जागा आणि वेळ वेगळी असते. पाठीशी अथांग पाणी असते. घरातल्या शंभर लिटरच्या टाकीत यातले काहीच नसते.

घाण जाते कुठे?

शंखाने शेवाळ खाल्ले म्हणजे घाण टाकीबाहेर गेली, हा सर्वांत मोठा गैरसमज. माशाला घातलेले खाणे, त्याची विष्ठा, कुजलेले तुकडे यांतून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचे खत. शंख शेवाळ खातो, त्यातले थोडे अंगी लावतो आणि उरलेले पुन्हा त्याच पाण्यात टाकतो. बंद टाकीत खत फक्त हात बदलते. शंख मेला तर त्याच्या अंगी लागलेलेही परत पाण्यात येते.

म्हणून शेवाळावरचा खरा उपाय मालकाच्या हातात असतो. खाणे मोजून घालावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. दर आठवड्या-पंधरवड्याला थोडे पाणी बदलावे. फेस करून घाण काढणारा स्किमर नीट चालतो ना, हे पाहावे. दिवे दिवसभर जळत ठेवू नयेत. टाकीत भरायचे पाणी नळाचे न घेता गाळलेले, क्षारमुक्त घ्यावे. नव्या टाकीतली तपकिरी साय ही डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची असते. पाण्यातली सिलिका संपली, की ती बहुधा आपोआप ओसरते. त्या पंधरा दिवसांत घाई करून वीस शंख आणले, तर ती साय गेल्यावर त्यांनी खायचे काय, हा प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि मालकाच्या ध्यानात येत नाही.

निवड : पोट, पाणी आणि स्वभाव

सफाई करणारे प्राणी निवडताना तीन प्रश्न पुरेत. हा काय खातो? हा कुठल्या पाण्यातला आहे? आणि खाणे संपल्यावर हा काय करील?

पहिला प्रश्न पोटाचा. सगळे शंख शेवाळ खात नाहीत. ट्रोकस आणि टर्बो काचेवरचे, खडकावरचे शेवाळ खातात. सेरिथ हे लांबट लहान शंख शेवाळाबरोबर वाळूतला गाळही खातात. नॅसारियस वाळूत दडून बसतो, फक्त सोंड वर ठेवतो आणि खाण्याचा वास आला की बाहेर पडतो. त्याला उरलेले मांसाहारी तुकडे हवे असतात, शेवाळाशी त्याचे देणेघेणे नाही. हिरव्या काचेवर उपाय म्हणून नॅसारियस घेणे म्हणजे खोकल्यावर मलम चोळणे. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया नावाच्या उपद्रवी समुद्रफुलावर ताव मारते. पाठीवर पांढरा पट्टा असलेली लाल क्लीनर कोळंबी माशांच्या अंगावरचे परजीवी टिपते, पण माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झालाच, तर तिच्यावर विसंबून चालत नाही.

या यादीत काही प्राणी असे आहेत, की घरच्या लहान टाकीत त्यांना आणणे म्हणजे त्यांना हळूहळू उपाशी मारणे. वाळू चाळणारा तारामासा वाळूतले सूक्ष्म जीव खातो. लहान टाकीतला हा साठा काही महिन्यांत संपतो. निळा लिंकिया तारामासा आणि लाल फ्लेम स्कॅलप हा शिंपला यांचीही तीच गत. हार्लेक्विन कोळंबी दिसायला देखणी, पण तिचे खाणे तारामासे. तारामाशाची उपासमार दिसत नाही, तो ओरडत नाही. तो गेला, तर ‘समुद्री जीव नाजूकच’ असे म्हणून दुसरा आणला जातो. सागरी टाक्यांसाठी विकले जाणारे बहुतेक प्राणी आजही थेट समुद्रातून पकडलेले असतात, हे लक्षात घेतले तर या ‘नाजूकपणा’ची किंमत कोण मोजतो ते कळते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. प्रवाळांची टाकी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसला ठेवतात. ‘मार्गारिटा’ नावाने विकला जाणारा शंख थंड पाण्यातला. या उबेत तो फार दिवस काढत नाही. कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात खोलीच तिशी ओलांडते. पाणी थंड ठेवणारे यंत्र परवडणार नसेल, तर टाकीचाच विचार पुढे ढकललेला बरा.

मिठाचे गणित त्याहून महत्त्वाचे. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. मासा गिल आणि मूत्रपिंडांच्या बळावर शरीरातले क्षार राखतो. शंख, तारामासे, अर्चिन यांच्याकडे ती सोय नसते. त्यांच्या अंगातले पाणी जवळपास बाहेरच्या समुद्राइतकेच खारट असते. बाहेरचा खारटपणा एकदम बदलला, की त्यांच्या पेशी फुगतात किंवा आकसतात. पिशवीतला शंख सरळ टाकीत टाकला आणि दोन दिवसांत मेला, यात गूढ काही नाही. पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी थेंब थेंब मिसळत तास-दोन तास द्यावे लागतात. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उडत नाही, म्हणून रोजची तूट गोड्या क्षारमुक्त पाण्याने भरावी लागते.

इथेच औषधाचाही इशारा हवा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दिली जाणारी काही औषधे तांब्याची असतात. शंख आणि खेकड्यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच असते, तरीही पाण्यात मोकळे तांबे आले की हेच प्राणी आधी मरतात. माशाला औषध द्यायचे तर वेगळ्या टाकीत. माणसाला गोळी लिहिताना ‘आणखी कोणता आजार आहे का’ हे विचारावे लागते, तसाच हा नियम.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. दुसऱ्याच्या शंखात राहणारा हर्मिट खेकडा शेवाळ आणि उरलेसुरले खातो. पण तो वाढतो आणि नवे घर हवे झाले, की जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतो. थोडे मोठे रिकामे शंख टाकीत ठेवले, तर ही हत्या पुष्कळ टळते. अ‍ॅस्ट्रिया जातीचा शंख उलटा पडला, तर त्याला बहुधा स्वतःहून सुलटे होता येत नाही आणि खेकडे त्याचा फडशा पाडतात. ट्रोकस सुलटा होऊ शकतो, म्हणून नवशिक्यासाठी तो बरा. मोठा टर्बो भराभर खातो, पण जाता जाता सैल खडकही ढकलून देतो.

मग किती घ्यावेत? ‘लिटरमागे इतके’ हे कोष्टक विक्रीसाठी ठीक आहे, प्राण्यांसाठी नाही. शंभर लिटरच्या टाकीत शेवाळ दिसू लागल्यावर चार-पाच लहान शंखांनी सुरुवात करावी, महिनाभर पाहावे, गरज भासली तर एखाद-दुसरा वाढवावा. शेवाळ संपलेच तर नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा बांधून घालावा. ज्याला कामावर ठेवले, त्याच्या जेवणाची जबाबदारी मालकाची.

बाजार आणि कायदा

काही प्राणी निवडायचेच नसतात, कारण ते बाळगणे गुन्हा ठरू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या सूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, सागरी पंखे आणि सगळ्या समुद्रकाकड्या आल्या. मोठ्या आकाराच्या ट्रोकससारख्या काही शंखांनाही सूचीत जागा मिळाली. वाळू स्वच्छ ठेवते म्हणून समुद्रकाकडी सुचवली जाते. कायद्याचा भाग सोडला, तरी ती घायाळ झाली किंवा पंपात सापडून मेली, तर तिच्या अंगातले विष टाकीतले मासे मारू शकते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे. सहलीला गेले म्हणून तिथला खडक किंवा जीव पिशवीत भरून आणणे, ही हौस नव्हे.

किनाऱ्यावरून शंख गोळा करण्यात आणखी एक धोका आहे. कोनस हा शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख आपल्या देशाच्या किनाऱ्यांवरही आढळतो. तो शिकारी आहे आणि विषारी दात भाल्यासारखा फेकून भक्ष्य मारतो. त्याच्या काही प्रजातींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो आणि त्यावर प्रतिविष नाही. याच कुळातल्या एका शंखाच्या विषावरून बनवलेल्या तीव्र वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, यावरून त्या विषाची ताकद ओळखावी. जिवंत कोनस उचलायचा नाही आणि खिशात तर मुळीच ठेवायचा नाही.

टाकी आणि घरातली माणसे

‘बटण पॉलिप’ नावाने विकल्या जाणाऱ्या रंगीत, मऊ वसाहती म्हणजे झोअँथिड. स्वस्त आणि चिवट, म्हणून नवशिक्याला हमखास सुचवल्या जातात. कधी त्या खडकाला चिकटून न मागताच घरी येतात. यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असते. १९७१ मध्ये हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे केले. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. पेशीच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप या विषाने उघड्या दारासारखा होतो आणि पेशीतला क्षारांचा तोलच ढळतो. खडक उकळला, गरम पाण्याने धुतला किंवा जोराने घासला, तर विष वाफेत आणि तुषारांत मिसळून श्वासावाटे शरीरात जाते. काही तासांत ताप, खोकला, धाप, अंगदुखी, तोंडात धातूसारखी चव अशी लक्षणे दिसतात. डोळ्यात उडाले तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतल्या अशाच जीवांची सफाई करताना एक कुटुंब आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवान रुग्णालयात पोहोचले होते. यावर उतारा नाही; रुग्णाला आधार देत विष ओसरण्याची वाट पाहावी लागते. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण असलेल्या घरात झोअँथिड न घेणेच शहाणपणाचे. असतीलच तर हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावावा. खडक कधीही उकळू नये.

दुसरा पाहुणा अधिक सावकाश येतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत त्याचा शोध लागला. टाकीत हात घालताना बोटाला खरचटलेले असेल, तर तो आत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ येते, कधी ती फुटते, कधी गाठींची माळ हातावर चढत जाते. रुग्ण आधी मलम लावतो, मग कुणी प्रतिजैविके देतो. तुकडा तपासला तर चित्र क्षयासारखे दिसते. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात पुढची पायरी क्षयाच्या औषधांची असते आणि त्यांतली काही नेहमीची औषधे या जंतूवर चालत नाहीत. शिवाय हा जंतू ३० ते ३२ अंशांना चांगला वाढतो. नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात तो हाती लागत नाही. प्रयोगशाळेला तसे आधी सांगावे लागते. ते सांगण्यासाठी डॉक्टरला घरात फिश टँक आहे हे कळायला हवे, आणि केसपेपरवर तो प्रश्न छापलेला नसतो. चिघळणारी गाठ घेऊन येणाऱ्याने तो स्वतःहून सांगावा, डॉक्टरांनीही विचारावा. योग्य औषधांनी हा रोग बरा होतो, पण औषधे काही महिने घ्यावी लागतात.

बाकीची काळजी सोपी आहे. जखमेचा हात टाकीत घालू नये. मधुमेह किंवा यकृताचा जुना आजार असणाऱ्यांनी लांब हातमोजे वापरावेत, कारण कोमट खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे काही जंतू अशा रुग्णांत झपाट्याने पसरतात. पाणी काढायची नळी तोंडाने ओढण्याची सवय सोडावी. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टाकीचे सामान घासू नये. खडकातून डोकावणाऱ्या काटेरी किड्याला घाबरून सगळी टाकी उपसण्याचे कारण नाही. त्यांतले बहुतेक उपयोगी सफाईवाले असतात. हाताने मात्र धरू नये. केसाळ काटे कातडीत रुतले तर चिकटपट्टीने ओढून काढावेत.

एक चिठ्ठी हवी

औषधाच्या पाकिटावर नाव, मात्रा, धोका आणि मुदत छापलेली असते. जिवंत प्राणी विकताना मात्र प्लास्टिकच्या पिशवीला एक रबर पुरते. ‘मिक्स शंख’ आणि ‘क्लीनर पॅक’ या नावांनी काय विकले जाते, हे विकणाऱ्यालाही धड माहीत नसते. हे बदलायला फार खर्च नाही. प्रत्येक टाकीवर एक चिठ्ठी लावावी : प्राण्याचे नाव, तो कुठून आला, काय खातो, किती अंशांच्या पाण्यात जगतो, कायद्याचे संरक्षण आहे का, माणसाला विषारी आहे का. जो दुकानदार एवढे सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. आणि ग्राहकानेही बिल मागावे. दुकानदाराला हे लिहिण्याची गरज वाटेल, ती ग्राहकांनी विचारायला सुरुवात केल्यावरच.

खारी टाकी वाईट नाही. काचेआड तासभर बसून ट्रोकसला सावकाश काच चाटताना पाहणारे मूल निसर्गाविषयी पुस्तकापेक्षा अधिक शिकते. पण त्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायला हवे, की हा शंख आपली घाण उचलायला आणलेला नोकर नाही. टाकीत घाण कमी करणे आपले काम. तो त्यात हातभार लावतो आणि त्या बदल्यात त्याला पोटभर खायला, योग्य पाणी आणि जागा द्यायची असते. एवढे जमत नसेल, तर गप्पीचीच टाकी काही वाईट नाही.